आधी घास, मग गोळी

३ जून

आज डॉ. डिंपलच्या दवाखान्यात एका गोळीशी माझं वैचारिक भांडण झालं.

गेले काही महिने माझा आवाज बसलेला आहे. ज्या आवाजाने मी तीस वर्षं खानदेशातल्या सभा गाजवल्या, तो आवाज आता मेहरूणच्या भाजीवाल्यालाही पोचत नाही. "काय म्हणता अक्का?" असं तो दोनदा विचारतो. धरणगावला माझ्याच सत्काराच्या कार्यक्रमात मी व्यासपीठावर झोपले. अध्यक्षांना वाटलं, डोळे मिटून चिंतन चाललंय. तोतारामने पहिल्या रांगेतून खोकून मला उठवलं. तोताराम माझा नवरा. लग्नाच्या पहिल्या दिवसापासून मी त्याला नावाने हाक मारते. या धक्क्यातून सासूबाई शेवटपर्यंत पूर्ण सावरल्या नाहीत.

तर वजन वाढलंय, जळगावच्या उन्हाळ्यात मला थंडी वाजते, आणि मागच्या भाषणात 'पितृसत्ता' हा शब्दच आठवेना. जिच्याशी उभा जन्म भांडले, तिचं नाव आठवेना.

रक्त तपासलं. गळ्यातली थायरॉइडची ग्रंथी मंदावली आहे. डिंपलने समजावून सांगितलं की ही ग्रंथी जे संप्रेरक बनवायची तेच या गोळीत असतं; रोज घ्यायची, मनाने बंद करायची नाही, मनाने कमीजास्त करायची नाही. इथपर्यंत माझी काही हरकत नव्हती. मग ती म्हणाली, "अक्का, सकाळी उठल्या उठल्या, उपाशीपोटी, नुसत्या पाण्यासोबत. नंतर तासभर चहा नाही, खाणं नाही."

उपाशीपोटी. हा शब्द, आणि माझ्यासमोर.

ज्या बाया घरादाराला जेवू घालून उरलंसुरलं खातात, सोमवार नवऱ्यासाठी, गुरुवार मुलासाठी आणि चतुर्थी सासूच्या धाकाने करतात, आणि उपाशीपोटी कापूस वेचायला जातात, त्यांच्यासाठी मी "आधी घास, मग काम" ही घोषणा दिली. पारोळ्याच्या सभेत मैदानभर बायांसमोर मी शपथ घेतली होती की सकाळचा घास पोटात गेल्याशिवाय मी कोणाचंही काही ऐकणार नाही, देवाचंही नाही आणि डॉक्टरचंही नाही. 'डॉक्टरचंही' हे खरं तर तालासाठी घातलं होतं. पण शपथ ती शपथ.

हे सगळं मी डिंपलला सांगितलं. सविस्तर सांगितलं. बाहेरचे पेशंट दारात येऊन उभे राहिले. मध्ये मध्ये ती कॅल्शियमबद्दल, लोहाच्या गोळीबद्दल, त्या या गोळीला धरून ठेवतात म्हणून चार तासांच्या अंतराबद्दल काहीतरी बोलत होती, पण मी ओघात होते. ओघात असताना वक्त्याने दुसऱ्याचं ऐकू नये, भाषण फसतं. तोताराम मात्र तिच्याकडे बघून मान हलवत होता. मी चपला घालत होते तेव्हा तो चष्मा राहिला म्हणून परत आत गेला. चष्मा त्याच्या नाकावर होता.

११ जून

निर्णय झाला. गोळी घेणार, पण माझ्या अटींवर. आधी चहा, कळण्याच्या भाकरीचा एक तुकडा, आणि मग गोळी.

गुडघ्यांसाठी कॅल्शियम आणि रक्तासाठी लोहाची गोळी मी आधीपासून घेतेच. तोताराम हळूच म्हणाला की डॉक्टरने या दोन्ही थायरॉइडच्या गोळीपासून लांब ठेवायला सांगितल्यात. मी म्हटलं, ज्या घरात मी आयुष्यभर पंक्तिभेदाविरुद्ध बोलले, त्या घरात गोळ्यांचा पंक्तिभेद चालणार नाही. कॅल्शियम असो, लोह असो, थायरॉइड असो, सगळ्या एकाच तळहातावर बसतील आणि एकाच चहाच्या घोटाबरोबर आत जातील.

वाक्य मलाच इतकं आवडलं की दुपारी पारोळ्याच्या बचतगटांच्या मेळाव्यात मी ते जसंच्या तसं वापरलं. आवाज घोगरा होता, पण टाळ्या भरपूर. तोताराम टाळ्या वाजवत नव्हता. त्याला बहुतेक ऐकू आलं नसावं.

२२ जुलै

पुन्हा रक्त तपासलं. काडीचाही फरक नाही. डिंपलने विचारलं, "अक्का, गोळी घेता ना रोज?"

"एक दिवस चुकवलेला नाही," मी म्हटलं. यातला शब्दन् शब्द खरा आहे.

तिने डोस वाढवून दिला. तोताराम खोकला. त्याच्या खोकल्याचंही एकदा बघायला हवं.

९ सप्टेंबर

पुन्हा तेच. डोस आणखी वाढवला. डिंपल रिपोर्ट उजेडात धरून बराच वेळ बघत होती, जणू आकडे लाजून बदलतील. आजकालच्या औषधांत दम नाही, असं मी तिला सांगितलं. तिने माझ्याकडे न बघता तोतारामकडे बघितलं. तोताराम पंख्याकडे बघत होता. अवघड प्रसंगी पंख्याकडे बघायची त्याची जुनी सवय आहे.

संध्याकाळी धुळ्याहून मयुरीचा फोन आला. तिथल्या महिला परिषदेची ती चिटणीस, माझी जुनी विद्यार्थिनी. "आधी घास, मग काम" या घोषणेला तीस वर्षं होतायत म्हणून जानेवारीतल्या परिषदेत समारोपाचं भाषण माझं. मला भरून आलं. मग ती चाचरत म्हणाली, "अक्का, तुमच्या तब्येतीचं कळलं. समितीचं म्हणणं आहे की ऐनवेळी तुम्हाला जमलं नाही, तर प्रा. अभिमन सर समारोप करतील. ते तसेही व्यासपीठावर असणारच आहेत."

अभिमन. 'उपवासाचे विज्ञान' या विषयावर गावोगाव बोलत फिरणारा माणूस. सोळा तास उपाशी राहिल्याने पेशी तरुण होतात असं तो बायांना सांगतो, आणि बाया घरी जाऊन अठरा तास उपाशी राहून राबतात. माझ्या घोषणेच्या तिसाव्या वाढदिवशी माझ्या जागी तो.

जानेवारीपर्यंत मला माझा आवाज परत पाहिजे. बाकी मला काही नको.

मी हे मोठ्याने म्हणाले असणार, कारण तोताराम पेपर खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिला. मग उठून स्वयंपाकघरात गेला आणि बराच वेळ गॅसच्या शेगडीकडे बघत उभा राहिला.

१९ सप्टेंबर

तोतारामची काळजी वाटू लागली आहे.

तो निवृत्त झाला त्या दिवशी आमच्यात करार झाला होता की संध्याकाळचं स्वयंपाकघर माझं, सकाळचं त्याचं. समतेवर नुसती भाषणं देऊन भागत नाही. इतकी वर्षं सकाळचा चहा मी उठायच्या आत तयार असायचा. आता आठवडाभर काहीतरी चमत्कारिक चाललंय. मला उठवतो, पाण्याचा पेला आणि थायरॉइडची गोळी हातात देतो, म्हणतो, "गोळी घेऊन टाक, चहा आलाच." मी तत्त्वाची पक्की असल्यामुळे खात्री करून घेते, "चहा आलाच ना?" तो म्हणतो, "आधण ठेवलंय." चहा आलाच असेल तर घास आल्यासारखाच, म्हणून मी गोळी घेते.

आणि मग चहा येत नाही.

परवा गॅस संपला. काल दूध नासलं. आज साखरेचा डबा सापडेना. तासाभराने सगळं आपोआप जागेवर येतं. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्याही सकाळी द्यायच्या विसरतो, आणि एकदम रात्रीच्या जेवणानंतर आठवतात.

हाच माणूस वीज मंडळात इंजिनियर होता. भारनियमनाच्या काळात अख्ख्या तालुक्याचा उजेड याच्या हातात. लोक चिडून कचेरीवर यायचे, हा शांतपणे सांगायचा, "वरूनच फॉल्ट शे भाऊ, आत्ता येईल." लोक समाधानाने परत जायचे. असलं तल्लख डोकं, आणि आता साखरेचा डबा सापडत नाही.

३ ऑक्टोबर

दुखणं वाढतंय.

आज सकाळी दूधवाला उशिरा आला, असं तोताराम म्हणाला. मी दुपारी शेजारच्या नूरबीकडे बर्फ मागायला गेले. तिने फ्रिज उघडला, तर आत आमची दुधाची पिशवी. मी विचारलं, तर नूरबी ओढणीत तोंड लपवून हसायला लागली. म्हणे भाऊ रोज भल्या पहाटे ठेवून जातात आणि थोड्या वेळाने घेऊन जातात. एवढंच नाही. रोज सकाळी तिच्या नवऱ्याबरोबर, नासीरभाईंबरोबर, ओट्यावर बसून चहाही पिऊन जातात.

म्हणजे स्वतः चहा पिऊन येतो, विसरतो, आणि घरी येऊन म्हणतो, दूध नाही. स्वतःच्या घराचं दूध दुसऱ्याच्या फ्रिजमध्ये. मी एका मासिकात वाचलं होतं, ही विस्मरणाच्या आजाराची सुरुवात असते.

नूरबीला मी म्हटलं, हसू नको बाई, माणूस हातातून चाललाय. ती आणखीच हसली. सुखी माणसाला दुसऱ्याचं दुःख कळत नाही.

१४ ऑक्टोबर

तोतारामची परीक्षा घेतली. सहज बोलता बोलता सतराचा पाढा विचारला. घडाघडा म्हटला. ममुराबादच्या जुन्या फीडरवर कोणत्या साली खांब पडला, विचारलं. साल, महिना, लाइनमनचं नाव, सगळं सांगितलं. मग विचारलं, लायटर कुठे आहे? गोंधळला. म्हणाला, "कोणता लायटर?"

हीच या रोगाची लबाडी. जुनं सगळं आठवतं, नवं काही टिकत नाही.

एक चांगली गोष्ट. आज भाजीवाल्याने मला एकदाच विचारलं.

२ नोव्हेंबर

आवाज आला.

सकाळी न्हाणीघरात सहज आवाज चढवून बघितला आणि शेजारून नासीरभाईंनी विचारलं, "अक्का, सभा आहे का आज?" डोकं लख्ख झालंय. पितृसत्ता, वर्चस्व, श्रमविभागणी, सगळे शब्द रांगेत हजर. ब्लाउज सैल होतायत. याचं श्रेय मी त्या गोळीला देणार नाही. मी ठरवलं होतं की आवाज आणायचा, आणि आणला. निश्चयापुढे ग्रंथी काय करणार?

तोतारामला सांगितलं, तर त्याने नुसतं "बरं झालं" म्हटलं आणि चहा करायला गेला. आज गाळणी सापडेना.

१६ नोव्हेंबर

धरणगावला भाषण. तासाभराचं भाषण मी अर्ध्या वेळात संपवलं, एक मुद्दा न गाळता. आयोजक म्हणाले, असं भाषण उभ्या आयुष्यात ऐकलं नाही. एक बाई मात्र म्हणाली, अक्का, लिहून घ्यायला वेळच दिला नाहीत.

अंगात नुसती आग आहे. झोप अशी येतच नाही. बाकीचे स्वेटर घालतात तेव्हा मी पंखा लावते. छातीत इंजिन बसवल्यासारखी धडधड आहे, पेला धरला की पाणी थरथरतं. काल गॅस सिलिंडर देणाऱ्या माणसाला मी श्रमाच्या प्रतिष्ठेवर इतकं बोलले की तो सिलिंडर न देताच गेला. ही क्रांतीची ऊर्जा आहे. जानेवारीपर्यंत अशीच टिकली तर अभिमनचं काही खरं नाही.

तोतारामचं मात्र नवीनच काहीतरी. माझा हात हातात घेऊन बसतो. या वयात प्रेम उफाळून आलं म्हणावं, तर डोळे घड्याळाकडे असतात. आज म्हणाला, आपण डिंपलकडे जाऊन येऊ. मी म्हटलं, अगदी माझ्या मनातलं बोललास. बिचारा. स्वतःचं दुखणं स्वतःला समजतंय.

२५ नोव्हेंबर

डिंपलकडे दोघं गेलो. मजेदार गोष्ट अशी की मी म्हणत होते, पेशंट हा आहे. आणि तो म्हणत होता, पेशंट ही आहे.

डिंपलने आधी माझी नाडी धरली आणि तिचा चेहरा बदलला. रक्ताचा रिपोर्ट कालच आला होता. मला जे काही होतंय, ती क्रांती नसून गोळीचा डोस जास्त झालाय, असं ती म्हणाली. हे असंच चालू राहिलं तर हृदयाला त्रास होईल, हाडं ठिसूळ होतील. तिने डोस एकदम खाली आणला.

"आधी एवढ्या डोसनेही काही होत नव्हतं," ती म्हणाली. "मध्ये काय बदललं, अक्का?"

मी सांगितलं, काहीही नाही. माझं आयुष्य तत्त्वावर चालतं. बदल झालाय तो तोताराममध्ये. आणि मग मी सगळी लक्षणं क्रमाने मांडली. उठवून गोळी देतो आणि चहा विसरतो. गॅस, दूध, साखर, गाळणी. शेजाऱ्यांच्या फ्रिजमधली पिशवी. कॅल्शियम आणि लोह रात्रीशिवाय आठवत नाही. शेवटी म्हटलं, काहीही कर, पण याला बरं कर. छत्तीस वर्षांचा संसार आहे.

डिंपलने पेन खाली ठेवलं. "भाऊ, हे कधीपासून चाललंय?"

तोताराम पंख्याकडे बघत म्हणाला, "सप्टेंबरपासून. मला यायला पाहिजे होतं तुमच्याकडे. तिचा डोस वाढलेला आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

त्याच्या आजाराचा माझ्या डोसशी काय संबंध, मला समजलं नाही. पण त्याचे डोळे पाणावले होते, म्हणून मी माझा रुमाल त्याच्या हातात दिला.

डिंपल बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती. तिचे खांदे हलत होते. मग म्हणाली, "अक्का, भाऊंना औषध नको. त्यांचं विसरणं आहे तसंच चालू द्या. ते बरे झाले, तर मला तुमचा डोस पुन्हा वाढवावा लागेल."

यात कोणतं शास्त्र आहे, मला कळलं नाही. पोरगी हुशार आहे, पण अलीकडच्या वैद्यकीय शिक्षणाचा दर्जा हा माझ्या पुढच्या भाषणाचा विषय होऊ शकतो.

२८ डिसेंबर

छातीतलं इंजिन थांबलं. झोप लागते. आवाज मात्र शाबूत आहे. तोतारामचं विसरणं आहे तसंच. आज म्हणे चहापत्तीला मुंग्या लागल्या होत्या. चहापत्तीला मुंग्या. मी आता त्याला रागावत नाही.

१२ जानेवारी, धुळे

कालचा दिवस लिहिल्याशिवाय मी इथून निघणार नाही.

परवा संध्याकाळीच मयुरीच्या घरी मुक्कामाला आलो. काल पहाटे तोतारामने नेहमीसारखं उठवून मला गोळी दिली. मी पेला खाली ठेवते न ठेवते तोच मयुरी ट्रे घेऊन दारात हजर. आल्याचा वाफाळता चहा, खारी, मेथीची धपाटी. किती दिवसांनी वेळेवर चहा. मी हात पुढे केला, तर तोतारामने ट्रे मधल्यामध्ये घेतला आणि उंबरठ्यावर ठेचकाळला. चहा गादीवर. मयुरी दुसरा कप घेऊन आली. तो तोतारामने घेतला आणि उभ्या उभ्या पिऊन टाकला. तिसराही प्याला. मयुरीची सासू पदराआडून बघत होती. तिला वाटलं असणार, ही बाई जगाला घास सांगते आणि घरच्या माणसाला चहालाही महाग करते. मी शरमेने भिंतीकडे तोंड करून बसले.

दुपारी परिषद. सभागृह पायऱ्यांपर्यंत भरलेलं. अभिमन सर आधी बोलले. उपवासाने चित्त कसं निर्मळ होतं, हे सांगताना त्यांनी दोनदा काजू खाल्ले.

मग मी उठले. माझी प्रत्येक सभा एकाच प्रश्नाने सुरू होते, हे खानदेशातल्या बायांना माहीत आहे. मी विचारलं, "आज सकाळी घास खाऊन कोण कोण आलंय?" पूर्वी या प्रश्नाला चार हात वर व्हायचे. काल सभागृहभर हात. तीस वर्षांचं माझं एवढंच काम आहे, पण ते डोळ्यांना दिसलं.

तिसऱ्या रांगेतली एक बाई हात खाली घेईना. उभी राहिली. पारोळ्याजवळच्या खेड्यातली पुष्पाबाई. बोलायला लागली आणि माझ्या अंगावर काटा आला. तो माझा आवाज होता, जूनमधला. घोगरा, ओढून आणलेला.

"अक्का, मी बी पहिले भाकर खास, मंग थायरॉइडनी गोळी लेस," ती अभिमानाने म्हणाली. "तुम्हीनच सांगेल शे ना, बठ्ठ्या गोळ्या एक पंगतमा. डॉक्टरनी तीन डाव गोळी वाढाई. गळा सुजेल शे, निंदता निंदता झोप लागस. पन मी पंगत मोडी नही."

सभागृहाने टाळ्या वाजवल्या. तिच्या शेजारच्या दोघींनी माना डोलावल्या. त्याही पंगतीतल्याच असणार.

मी पहिल्या रांगेकडे बघितलं. तोताराम पंख्याकडे बघत होता.

आणि मग सगळं एकदम समोर आलं. गॅस. दूध. साखर. गाळणी. मुंग्या. नूरबीचं हसणं. डिंपलचे हलणारे खांदे. नाकावरचा चष्मा आणण्यासाठी आत गेलेला माणूस. उंबरठ्यावरची ठेच आणि घटाघट प्यायलेले दोन कप. तालुक्याचा उजेड घालवून "वरूनच फॉल्ट शे" सांगणाऱ्या माणसाने चार महिने माझ्या चहाचं भारनियमन केलं, आणि मी त्याला पाढे विचारत बसले.

मी बोलायची थांबले. अभिमन सर माइककडे सरकले. त्यांना वाटलं, अक्का पुन्हा शब्द विसरल्या. शब्द सगळे होते. फक्त ते उच्चारले की तीस वर्षांची शपथ याच अभिमनसमोर मोडणार होती. न उच्चारले, तर पुष्पाबाई पंगत सांभाळत सुजत राहणार होती.

"पुष्पाबाई, तुमचं बरोबर आहे. मीच सांगितलं होतं," मी म्हटलं. "आणि मी चुकीचं सांगितलं. माणसं एका पंगतीला बसतात, गोळ्या बसत नाहीत. कॅल्शियम आणि लोह या गोळीला धरून ठेवतात, रक्तात जाऊ देत नाहीत. चहाही आडवा येतो. ही गोळी पहाटे, पाण्यासोबत, रिकाम्या पोटी. चहा तासाभराने. कॅल्शियम, लोह रात्री."

रिकाम्या पोटी. बोलून टाकलं. पुष्पाबाई खाली बसायला लागली, तिला मी थांबवलं. "पण उद्यापासून एकदम सुरू करू नका. तुमचा डोस वाढवलेला आहे. आधी डॉक्टरकडे जा आणि आजवर कशी घेत होता ते खरं खरं सांगा. मी सांगितलं नाही, आणि माझं काळीज महिनाभर मळणीयंत्रासारखं धडधडत होतं."

अभिमन सरांनी माइक ओढून घेतला. हसून म्हणाले, "म्हणजे अक्का, शेवटी उपवास मान्य केलात."

सभागृहभर कुजबुज. अशा क्षणी काय बोलायचं हे कोणत्याही पुस्तकात नसतं. पण मला माझीच घोषणा आठवली, आणि तीस वर्षांत पहिल्यांदा मी ती नीट ऐकली.

"सर, उपवासात बाई उपाशी राहते आणि राबते," मी म्हटलं. "माझी घोषणा आहे, आधी घास, मग काम. आता बघा. गोळी घेतली की तासभर घास नाही. घास नाही, तर काम नाही. गोळी घेऊन बाई तासभर अंथरुणात पडून राहील. केर नाही, पाणी नाही, कोणाचा डबा नाही. उन्हं वर येऊ द्या. आणि तासाभराने चहा येईल, तो घरातला पुरुष करून आणेल."

मागच्या रांगेतून कोणीतरी शिट्टी वाजवली. बायांच्या परिषदेत शिट्टी मी पहिल्यांदा ऐकली. अभिमन सरांनी आणखी एक काजू घेतला.

पुष्पाबाई अजून उभीच होती. घोगऱ्या आवाजात म्हणाली, "अक्का, हाई बठ्ठं बरोबर शे. पन असा नवरा आम्हीन कोठून आनूत?"

सभागृह हसून लोटपोट. मी पहिल्या रांगेकडे बघितलं नाही. बघितलं असतं, तर पुढचं भाषण झालं नसतं.

१४ जानेवारी, जळगाव

परतीच्या एस.टी.त तोताराम म्हणाला, भाषण छान झालं. मी म्हटलं, हो. पारोळा आलं आणि गेलं. एरंडोलला त्याने भुईमुगाच्या शेंगा घेतल्या आणि सोलून दाणे माझ्या हातावर ठेवत राहिला. ना त्याने काही विचारलं, ना मी काही सांगितलं. मला सगळं कळलंय, हे त्याला कळलंय की नाही, मला कळलेलं नाही. एवढं बोलणाऱ्या बाईला न बोलण्याची सवय नाही, पण प्रयत्न करून बघावा म्हटलं.

आता एकच अडचण होती. काल त्याने कारण सांगितलं की पातेल्याचा दांडा ढिला झालाय. म्हणजे गॅस, दूध, साखर, मुंग्या सगळं वापरून झालं. माणूस दांड्यावर आला. कारणं संपत आली होती. इतक्या वर्षांचा इंजिनियर, पण कल्पनाशक्ती हा त्याचा प्रांत नव्हे.

म्हणून आज पहाटे तो दूध ठेवायला नूरबीकडे गेला तेवढ्यात मी उठले, ओट्यावरचा लायटर आणि मागची काडेपेटी उचलली, आणि दोन्ही उशीखाली घेऊन झोपून राहिले.

त्याने येऊन मला उठवलं. पाणी, गोळी. "घेऊन टाक, चहा आलाच."

"चहाची घाई नाही," मी गोळी घेऊन म्हटलं.

तो नासीरभाईंकडचा चहा पिऊन परत आला. मग स्वयंपाकघरातून डबे उघडण्याचे आवाज येऊ लागले. फळी हलली. काहीतरी पडलं. बराच वेळ शोधाशोध. शेवटी तो दारात येऊन उभा राहिला, घाम फुटलेला, आणि या चार महिन्यांत पहिल्यांदाच खराखुरा घाबरलेला.

"यमुना," तो म्हणाला, "देवाशपथ, लायटर सापडत नाही."

मी पांघरूण गळ्यापर्यंत ओढून घेतलं. "असू दे," मी म्हटलं. "वरूनच फॉल्ट असेल."

तो पंख्याकडे बघायला लागला. मग खाली बघितलं. मग माझ्याकडे.

चहा आज सव्वा तासाने आला.